सामाईक भिंत, घरघंटी आणि तिसऱ्या पाळीची झोप

रांजणगावच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला जाणारा माणूस सकाळी आठच्या सुमारास घरी परततो, चहा-चपाती खाऊन अंथरुणाला पाठ टेकतो आणि नेमकी त्याच वेळी भिंतीपलीकडे घरघंटी सुरू होते. शिरूरच्या कामगार वस्तीत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कुणाकडे घरघंटी, कुणाकडे मोटारीवर चालणारे शिलाई मशीन, कुणाकडे रात्री बारापर्यंत चालणारा टीव्ही. भिंत एक, घरे दोन. भिंतीला आपण सामाईक म्हणतो, पण तिच्यातून येणारा आवाज मात्र नेहमी शेजाऱ्याचाच असतो, आपला कधीच नसतो!

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. समाजापुढे मोठे प्रश्न काय कमी आहेत, असेही कुणी म्हणेल. परंतु वस्तीतील भांडणे मिटवायला बसण्याची सवय असल्याने मी एक गोष्ट पाहत आलो आहे. नळाच्या आणि सांडपाण्याच्या भांडणांखालोखाल नंबर लागतो तो आवाजाच्या भांडणाचा. दहा बाय दहाच्या दोन खोल्या, त्यात एक जण रात्रपाळीचा, एक जण बारावीला आणि एक म्हातारे माणूस आजारी. अशा घरात झोप आणि अभ्यास या दोन्ही गोष्टी त्या चार इंची भिंतीच्या हवाली असतात. म्हणून आज माझ्या स्वतःच्या घरचीच हकीकत सांगतो. त्यात माझी फजितीही आहे, ती वगळत नाही.

माझे बालपण दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेले. वडील रेल्वेत खलाशी होते. दौंड जंक्शन म्हणजे रात्रंदिवस गाड्या. कॉर्ड लाईन होण्यापूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. त्या शंटिंगच्या शिट्ट्या, डब्यांची आदळआपट, लाऊडस्पीकरवरच्या घोषणा हे सगळे मध्यरात्रीही चालू असायचे. तरी आम्ही भावंडे गाढ झोपत असू. आणि शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांचा खोकला मात्र आम्हाला कधी ऐकू आला नाही. तेव्हा त्याचे नवल वाटले नाही. जुन्या क्वार्टरच्या भिंती चांगल्या जाड होत्या आणि थेट छपरापर्यंत गेलेल्या होत्या, हे कारण मला पुष्कळ उशिरा समजले. शिवाय गाडीच्या आवाजात बोलणे नसते. शेजारच्या टीव्हीत माणसे बोलतात, भांडतात, रडतात. आपला कान त्या बोलण्याचा अर्थ लावायला धावतो आणि झोप उडते.

नोकरीनिमित्त शिरूरला आलो आणि कारकुनाच्या पगारात जमले तसे घर घेतले. एका ओळीत चार घरे, मधल्या भिंती चार इंची विटांच्या, वर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पत्रा. माझ्या शेजारी एक ताई राहतात. नवरा वारल्यावर त्यांनी बचत गटाच्या कर्जातून घरघंटी घेतली आणि आळीतली दळणे करू लागल्या. पदरी दोन मुली, थोरली बारावीला. घरघंटी ठेवायला त्यांच्याकडे जागा एकच, ती म्हणजे आमच्याकडील भिंतीला लागून. आणि त्या भिंतीच्या अलीकडे माझ्या थोरल्या मुलाची खाट. तो एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून प्रेसवर काम करतो. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी.

पहिले वर्षभर आम्ही सोसले. मग मी उपाय करायला निघालो. कुणीतरी सांगितले की गाणी रेकॉर्ड करणारे लोक भिंतीला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवतात. मी अंड्याच्या दुकानातून गठ्ठाभर ट्रे आणले. वरून थर्माकोलच्या शीट विकत घेतल्या. एका रविवारी बाप-लेकांनी मिळून सगळी भिंत मढवून टाकली. सोमवारी सकाळी आठ वाजता घरघंटी सुरू झाली आणि जशीच्या तशी ऐकू आली. पुढच्या महिन्यात ट्रेमागे झुरळांनी संसार थाटला. आमच्या सौभाग्यवतींनी सगळे उपटून बंबात घातले, तो प्रसंग मी इथे विस्ताराने सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात मात्र प्रकरण हातघाईवर आले. तिसऱ्या पाळीचा सहावा दिवस होता. सकाळी कामावरून परतताना मुलाला मोटारसायकलवरच डुलकी लागली आणि गाडी महामार्गाच्या कडेला उतरून पडली. हेल्मेट होते म्हणून वाचला. कोपर आणि गुडघा सोलवटला. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर सकाळी कंटेनरची किती वर्दळ असते ते शिरूरकरांना माहीत आहे. गाडी डावीकडे उतरली म्हणून तो घरी आला, उजवीकडे वळली असती तर काय झाले असते, हा विचार त्या दिवशी मला बसू देईना. मी तसाच उठलो आणि शेजारी गेलो. आवाज चढवूनच बोललो, हे कबूल करतो.

ताईंनी घरघंटी बंद केली. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "भाऊ, पोराला लागलं ते आयकून मलाबी वाईट वाटलं. पण चक्की बंद ठिवली तर माझ्या पोरींनी खायचं काय? आन् एक इचारू का? तुमी रोज पहाटं साडेपाचला मोबाईलवर वंदना लावता. वंदना मीबी करते. पण माझी पोरगी रातच्याला बारा-एकपर्यंत पुस्तक घेऊन बसती, तिची झोप तवाच मोडती. चार वरसं झाली, मी कधी बोलले का?"

मी गप्प झालो. चार वर्षे! वस्तीत सलोख्याच्या गोष्टी सांगत हिंडणारा मी, पण माझ्या मोबाईलच्या स्पीकरचा आवाज भिंतीपलीकडे जात असेल हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. गाणे बाबासाहेबांचे आहे किंवा गाथा तथागतांच्या आहेत म्हणून भिंत काही जाड होत नाही. आमच्या मंडळी मागोमाग आल्या होत्या. त्यांनी ताईंचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही आता घरी चला. हे भांडून सुटायचं नाही."

सुटले ते दौंडच्या मामांमुळे. मामा रेल्वेच्या इमारत खात्यात गवंडी होते, आता निवृत्त आहेत. भाच्याला पाहायला आले आणि रात्री राहिले. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी ना भिंत ठोकून पाहिली, ना मोजमाप काढले. रात्री नऊला आमच्या घरातले सगळे दिवे घालवायला लावले आणि ताईंना निरोप पाठवला, की तुमच्याकडचा दिवा लावून ठेवा. आम्ही अंधारात वर पाहिले तर भिंतीच्या डोक्यावर, पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीखाली, उजेडाची एकेक चंद्रकोर दिसत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने. भिंतीच्या मध्यावर, जिथून केबलची वायर एका घरातून दुसऱ्या घरात गेली होती, तिथेही उजेडाचा ठिपका. विजेच्या बोर्डाच्या कडेलाही बारीक रेघ. मामा म्हणाले, "आरं, उजेड येतोय तिथनं आवाज येणारच. तू भोक उघडं ठिवून भिंतीला स्वेटर घातलास."

मामांनी जे अनुभवाने सांगितले त्याचे गणित मी नंतर पुस्तकांतून समजून घेतले. हिशेबाची सवय असल्याने ते मला जमाखर्चासारखेच वाटले. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबल कमी झाले की आवाज आपल्या कानाला साधारण निम्मा वाटतो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली चार इंची विटांची भिंत साधारण ४५ डेसिबल आवाज अडवते. नऊ इंची भिंत ५०च्या आसपास. म्हणजे पलीकडच्या खोलीत टीव्ही ७५ डेसिबलने चालू असला तरी धड बांधलेल्या चार इंची भिंतीतून आपल्याकडे ३० डेसिबल यायला हवा. रात्री झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबलपेक्षा जास्त आवाज नसावा असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवले आहे. याचा अर्थ आपली बिचारी चार इंची भिंत वाईट नाही!

वाईट आहे ती फट. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट भोक असेल, तर बाकीची भिंत किल्ल्याच्या तटासारखी बांधली तरी ती २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही. कारण आवाजाचा शंभरावा हिस्सा त्या भोकातून जसाच्या तसा पलीकडे जातो. आमची भिंत दहा फूट लांब. तिच्या डोक्यावर सरासरी सव्वा इंचाची फट. गुणाकार करून पाहा, तो एक चौरस फूटच भरतो. म्हणजे ७५मधून ४५ वजा होण्याऐवजी २०च वजा होत होते आणि आमच्याकडे ५५ येत होते. मी थर्माकोलवर केलेला खर्च या हिशेबात कुठेच बसत नाही.

अंड्यांचे ट्रे, फोम, थर्माकोल, भिंतीवर टांगलेली गोधडी यांचा उपयोग अगदीच नाही असे नाही. रिकाम्या खोलीत जो घुमारा होतो तो मऊ वस्तूंनी कमी होतो. स्टुडिओवाल्यांना तेवढेच हवे असते. पण पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागते, आणि थर्माकोलला वजन कुठले? शिवाय पुठ्ठा आणि थर्माकोल पेट लवकर घेतात. गॅसची शेगडी आणि ट्रेची भिंत एकाच खोलीत, हा खेळ आपण वर्षभर खेळलो याची आता भीती वाटते.

पुढच्या रविवारी मामांनी काम काढले. अर्धी गोणी सिमेंट, चाळलेली वाळू आणि विटांचे तुकडे. पन्हळीच्या आकाराप्रमाणे तुकडे बसवून भिंतीच्या डोक्यावर माल भरला. पण तो पत्र्याला पार भिडवला नाही. पत्रा उन्हाने वाढतो, रात्री आकसतो, त्यामुळे मालाने घट्ट चिणले की महिन्याभरात तडा जातो. राहिलेल्या अर्ध्या इंचात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या दाबून बसवल्या आणि वरून सिलिकॉन लावले. केबलच्या वायरचे भोक बुजवले. विजेचे बोर्ड दोन्ही घरांत भिंतीच्या एकाच जागी, पाठीला पाठ लावून बसवलेले होते. चार इंची भिंतीत दोन्हीकडून डबे कोरले की मध्ये भिंत म्हणून काय उरते? मीटरवरून वीज बंद करून वायरमनकडून आमचा बोर्ड हातभर बाजूला घेतला आणि जुना खड्डा वीट-मालाने भरला. ताईंच्या कपाटामागे भिंतीला गिलावाच केलेला नव्हता, तोही करून घेतला. गिलावा नसलेल्या विटांच्या सांध्यांतून आवाज पाझरतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. वरची फट बुजवली की घरातली गरम हवा जाण्याची एक वाट बंद होते. ज्या खोलीत गॅस किंवा चूल आहे तिथे बाहेरच्या बाजूचा झरोका उघडा पाहिजेच. आम्ही मागच्या भिंतीत जाळी बसवून घेतली. आवाज बंद करण्याच्या नादात कुणी खिडक्या-झरोके चिणून घेऊ नयेत.

एवढे झाल्यावर शेजारचे बोलणे ऐकू येईनासे झाले. पुटपुट ऐकू येते, शब्द कळत नाहीत. शब्द कळले नाहीत की कान त्यांच्यामागे धावत नाही. घरघंटी मात्र अजून जाणवत होती. मामांनी भिंतीला तळहात लावायला सांगितले. हाताला भिंत थरथरताना लागत होती. हा आवाज हवेतून येत नव्हता, फरशीतून आणि भिंतीतून येत होता. अशा आवाजावर भिंत जाड करून फारसा उपयोग नाही, तो जिथे निघतो तिथेच त्याला धरावे लागते. म्हणजे काम ताईंच्या घरात करायचे होते. आधीचे भांडण तसेच ठेवले असते तर त्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतले असते का, हा प्रश्नच आहे.

घरघंटी सामाईक भिंतीपासून उचलून रस्त्याकडच्या भिंतीजवळ नेली. त्यासाठी त्यांचे पाण्याचे पिंप आणि धान्याच्या कोठ्या हलवाव्या लागल्या. अर्धा दिवस त्यात गेला. घरघंटीखाली जाड रबर, त्यावर लाकडी फळी, फळीवर घरघंटी. मी भंगारवाल्याकडून कन्व्हेअर बेल्टचा तुकडा आणला होता, तो मामांनी परत पाठवला. म्हणाले, "ह्यो दगडावाणी कडक हाय. रबर दाबलं की दबलं पाहिजे, तरच ते थरथर गिळतं." मग मऊ रबराचे जाड तुकडे चार कोपऱ्यांना लावले. घरघंटी भिंतीला कुठेही टेकता कामा नये. याच न्यायाने टीव्ही सामाईक भिंतीला स्क्रूने ठोकू नये, टेबलावर ठेवावा. होम थिएटरचा बॉक्स जमिनीवर न ठेवता रबरावर ठेवावा. शिलाई मशीनच्या पायांखाली रबर द्यावे आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. दाराची कडी आपटत असेल तर चौकटीला रबराचा तुकडा लावावा. आमच्या दाराची कडी आपटत होती, हेही ताईंनीच सांगितले.

आणि मग वेळा ठरल्या. मुलाची तिसरी पाळी ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात ताई सकाळी आठच्या आत दळण उरकतात आणि दुपारी तीननंतर पुन्हा चालू करतात. गिऱ्हाइकांना त्यांनी तसे सांगून ठेवले. मी पहाटेची वंदना स्वतःच्या तोंडाने, हळू आवाजात म्हणतो. मोबाईल लावायचा तर सात वाजल्यानंतर. पाळीचा तक्ता मुलाच्या हस्ताक्षरात दोन्ही घरांत भिंतीवर लावलेला आहे.

लहानपणी परळच्या डबक चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब एका खोलीत राहत होते. रामजीबाबा त्यांना लवकर झोपवून रात्री दोनला अभ्यासासाठी उठवत, हे आपण सर्वजण जाणतो. आपण ते जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि ते आहेच. मला मात्र हल्ली त्यात आणखी एक गोष्ट दिसते. भिंत बदलणे हाती नव्हते, म्हणून त्या बापाने वेळ बदलली, आणि मुलासाठी स्वतःची झोप मोडली.

आता कुणी विचारतील, की पैसे असतील तर दुसरी भिंत उभी करावी का? फटी बुजवूनही भागले नाही तर करावी. विटांची चार इंची भिंत लावायची तर शंभर चौरस फुटांना सुमारे ५०० विटा लागतात. तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास जाते. नुसत्या फरशीवर ती उभी केली तर फरशी खचेल. खाली पाया घ्यावा लागतो आणि खोलीचे पाच इंच जातात. दुसरा मार्ग जिप्सम बोर्डाचा. भिंतीपासून इंचभर सुटी पत्र्याची चौकट उभी करायची, तिच्यात रॉकवूल भरायचे आणि वर बोर्डाचे दोन थर मारायचे, सांधे एकावर एक येऊ न देता. चौकट जुन्या भिंतीला टेकली की निम्मे काम फुकट जाते, हे कारागिराला बजावून सांगा. पत्र्याचे छप्पर गळत असेल तर जिप्सम भिजून फुगते, तिथे सिमेंटचा फायबर बोर्ड बरा. रॉकवूल हाताळताना तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेत, आणि काम झाल्यावर ते कुठेही उघडे राहू नये. पण छप्पर सलग पत्र्याचे असेल तर थोडा आवाज पत्र्यावरून फिरून येतोच. आम्ही हे केले नाही. खोली लहान आहे आणि निम्म्याहून जास्त त्रास अर्ध्या गोणी सिमेंटमध्ये गेला होता.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो, कारण लोक मला पहिल्यांदा तेच विचारतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. २०१०च्या दुरुस्तीने खासगी जागेत वाजणाऱ्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त नसावा असे ठरले. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांच्यासारख्या माणसांनी यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या केल्या. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोठा निकाल दिला. कुणी मुद्दाम रात्री-बेरात्री बॉक्स वाजवत असेल आणि सांगून ऐकत नसेल तर ११२ क्रमांकावर फोन जरूर करावा. पण घरघंटी, मिक्सर, लहान मूल, म्हाताऱ्याचा खोकला यांसाठी पोलीस बोलावून काय साधणार? फिर्याद झाली की दोन्ही घरे कामाचे खाडे करून चकरा मारतात, आणि भिंतीवरची फट तशीच राहते. जाता जाता हेही म्हणतो, की जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती लावताना आपल्या आळीतल्या आजारी माणसाचा आणि परीक्षेला बसलेल्या मुलांचा विचार आपण करतो का? हे मी मंडळाच्या बैठकीतही बोललो आहे आणि तिथे माझे फारसे कुणी ऐकले नाही.

घर बांधून झाल्यावर फटी बुजवण्यापेक्षा बांधतानाच काळजी घेतलेली बरी. दौंड तालुक्यात आमच्या नात्यातल्या दोघा भावांना रमाई आवास योजनेतून घरकुले मंजूर झाली. २६९ चौरस फुटांचे घर. दोघांनी शेजारी शेजारी बांधायचे आणि खर्च वाचवण्यासाठी मधली भिंत एकच, तीही चार इंची घ्यायची ठरवली. मामांना कळताच ते मला घेऊन तिकडे गेले. चुन्याने आखणी झालेली होती. मामांनी दोघांना उभ्या उभ्या हिशेब सांगितला. मधली भिंत नऊ इंची केली तर शंभर चौरस फुटांना ५०० विटा जादा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अडीचशे. किंवा तेवढ्याच विटांत दोन चार इंची भिंती, मध्ये दोन इंच मोकळी जागा. त्या जागेत माल पडू द्यायचा नाही, नाहीतर दोन भिंती जोडल्या जाऊन एकच होतात. आवाज अडवायला ती याहून थोडी जास्त चांगली, पण पाया रुंद लागतो. विजेचे बोर्ड मधल्या भिंतीत घ्यायचेच नाहीत. भिंत स्लॅबपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत पुरी न्यायची, सज्जाच्या उंचीवर सोडायची नाही.

धाकटा म्हणाला, हलके एएसी ब्लॉक स्वस्त पडतात, काम लवकर होते. ते खरे आहे आणि उन्हाळ्यात घरही थोडे थंड राहते. पण हलके म्हणजे आवाज अडवायला कमी. बाकीच्या भिंती त्याच्या करा, मधली तेवढी पक्क्या विटांची घ्या, असे मामांनी सांगितले. थोरला म्हणाला, "आपण भाऊ-भाऊच हाय, आपल्यात कसला आवाज?" त्यावर त्याची बायको हसली आणि काही बोलली नाही. मामा म्हणाले, "आज भाऊ हायसा. उद्या दोघांच्या सुना येतील, नातवंडं येतील." शेवटी नऊ इंची ठरली. जादा विटांचे पैसे कुणी किती द्यायचे यावर अर्धा तास गेला, तो वेगळा.

आमच्या शिरूरच्या भिंतीला यंदाच्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी सिलिकॉन सुटले. पत्रा तापून वर-खाली झाल्याचा परिणाम. ताईंच्या धाकट्या मुलीने रात्री आमच्याकडचे दिवे घालवून, स्टुलावर चढून, उजेड येतो तिथे खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. मुलाची पहिली पाळी सुरू झाली की रविवारी ते काम करायचे आहे. सिलिकॉनची नळी या वेळी ताई आणणार आहेत.